देव्हाऱ्यातला दगड, विहिरीतला दगड

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी जातो न जातो तोच तुळशीचे लग्न येते. काही घरांत त्या दिवशी बाळकृष्ण बोहल्यावर चढतो, काही घरांत शाळिग्राम. ज्यांच्या घरी शाळिग्राम आहे त्यांना माझी एक विनंती आहे. लग्न लागले, मंगलाष्टके झाली, अक्षता झाडून काढल्या, की देव पुन्हा देव्हाऱ्यात ठेवण्याआधी तो एकदा उजेडात धरून नीट पाहा. काळा, गुळगुळीत, हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड लागणारा. एखाद्या बाजूला छिद्र असेल, तर आत डोकावून पाहा. आत वळ्या वळ्यांचे चक्र दिसेल. वळ्यांवर आडव्या रेघा असतील. ते चक्र कुणी कारागिराने कोरलेले नाही. ते एका प्राण्याचे घर आहे.

शाळिग्राम येतात नेपाळातल्या गंडकी नदीतून, मुक्तिनाथाच्या परिसरातून. हिमालयाच्या अंगाखांद्यावर सापडणारी ही चीज मुळात समुद्रातली. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, आज जिथे हिमालय आहे तिथे टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्यात अमोनाइट नावाचे प्राणी पोहत होते. आपल्या कोकणातल्या कोळणी माकूल विकतात, त्या माकुलाचे हे दूरचे भाऊबंद. फरक एवढाच की यांच्या पाठीवर गुंडाळलेल्या शंखासारखे कवच असे. प्राणी मेला, कवच तळाच्या चिखलात बसले, चिखलाचा दगड झाला, पुढे तो समुद्रतळच उचलला जाऊन पर्वत झाला आणि गंडकीने ते गोटे पर्वताच्या पोटातून काढून, घासून, आपल्या आजोबांच्या हाती दिले. भाविकांनी यात रागावण्यासारखे काही नाही. आपण ज्याला चक्र म्हणतो ते खरोखरच चक्र आहे, आणि ते माणसाने केलेले नाही हे तर आपण पहिल्यापासूनच म्हणत आलो आहोत.

जीवाश्म हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकदम डायनोसॉरचा सांगाडा उभा राहतो. जीव अधिक अश्म, म्हणजे जिवाचा दगड, इतका हा सरळ शब्द आहे. पण व्यवहारात तो याहून थोडा ऐसपैस वापरतात. हाड, दात, शिंपला, लाकूड हे तर जीवाश्म होतातच. चिखलातले पाऊल, पानाचा ठसा, किड्याचे बीळ, इतकेच काय प्राण्याची विष्ठासुद्धा जीवाश्म होते. (या शेवटच्या प्रकाराची एक मोठी खानदानी गोष्ट आपल्या विदर्भात घडली आहे, ती पुढे येईल.) साधारणपणे दहा हजार वर्षांहून जुना जो जीवाचा पुरावा, तो जीवाश्म असे मानण्याची वहिवाट आहे.

मरणे सोपे आहे, जीवाश्म होणे महाकठीण. माळावर एखादे जनावर मेले, की पहिल्या दिवशी कुत्री येतात, मग कावळे, मग मुंग्या. पंधरवड्यात सांगाडा उघडा पडतो. उन्हापावसाने हाडे तडकतात, त्यांचे पापुद्रे सुटतात आणि चार-पाच पावसाळ्यांत तिथे काही होते याची खूणही उरत नाही. आजवर जगून गेलेल्या प्राण्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची हीच गत झाली. जीवाश्म होण्याचे भाग्य त्यालाच लाभते, ज्याच्यावर मेल्याबरोबर गाळ पडतो. पूर आला, तळ्याच्या तळाशी कलेवर बसले, वर बारीक चिखलाची चादर ओढली गेली, की कुत्र्यांना वास येत नाही आणि हवाही पोहोचत नाही. मांस तरीही कुजतेच. पण हाड, दात, कवच अशा टणक वस्तूंना थोडी मुदत मिळते.

पुढे काय होते, ते आपल्या गृहिणींना मी शिकवायला नको. मोरावळा कसा होतो? आवळ्याला टोचे मारायचे आणि तो पाकात सोडायचा. आवळ्यातले पाणी हळूहळू बाहेर येते, पाक आत शिरतो. महिन्याभराने पाहावे तर आवळ्याचा आकार तोच, रेषा त्याच, पण आत सगळा पाक. हाड किंवा लाकूड जमिनीत पुरले गेले की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून भूजल झिरपते. त्या पाण्यात विरघळलेला चुना असतो, गारगोटी ज्याची बनते ती सिलिका असते, लोह असते. ही द्रव्ये छिद्राछिद्रांत बसत जातात. कधी मूळ द्रव्य जागेवर राहते आणि नुसत्या पोकळ्या भरल्या जातात, कधी मूळ द्रव्यही कणाकणाने निघून जाऊन त्याची जागा दगड घेतो. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम येथे असे दगड झालेले ओंडके आहेत. लाकडाचे धागे डोळ्यांना दिसतात, हाताला मात्र थंडगार दगड लागतो.

दुसरी तऱ्हा साच्याची. ती पाहायची असेल तर घरातल्या मुलांनी केलेला किल्ला अजून मोडू नका. त्याच्या ओल्या मातीत एक शिंपला किंवा पिंपळाचे शिरा उठलेले पान दाबा, अलगद काढा, माती वाळू द्या आणि त्या खळग्यात प्लॅस्टर ओता. खळगा हा साचा, प्लॅस्टर ही मूर्ती. निसर्गात शिंपला पाण्याने विरघळून जातो, खळगा राहतो आणि पुढे त्यात दुसरेच खनिज भरते. मूळ शिंपल्याचा कणही उरत नाही. उरते ते त्याचे रूप.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आता मी तुम्हाला इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला नेतो. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. गेल्या भाऊबिजेला मी गेलो, तेव्हा ओवाळणी होऊन ताट खाली ठेवते न ठेवते तोच आठवीतला भाचा माझा हात धरून मला परसदारी घेऊन गेला. त्याच्या पुस्तकात जीवाश्मांवर धडा होता आणि धडा वाचल्यापासून या पोराने गावातला एक दगड जागेवर ठेवला नव्हता. उन्हाळ्यात दाजींनी विहीर खोल केली होती. तिचे डबर बांधाला पडले होते. ते उपसून त्याने गोणपाटावर प्रदर्शन मांडले होते. धाकटी बहीण राखणीला होती. मामा म्हणजे ज्ञानी, असा दोघांचाही समज.

पहिला दगड त्याने मोठ्या आदराने पुढे केला. काळ्या फत्तराच्या सपाट पाठीवर नेच्याच्या पानासारखी नाजूक काळी नक्षी उमटली होती. एक दांडा, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. ही चित्रे पाहून भलेभले फसतात. पण नेच्याच्या पानाला मधली शीर असते, त्या पानाला थोडी का होईना जाडी असते. इथे नुसती शाई पसरावी तसे डाग होते. दगडाच्या चिरेतून मॅंगनीज असलेले पाणी झिरपते आणि ते द्रव्य चिरेत बसताना अशी फांद्याफांद्यांची नक्षी काढते. खिडकीच्या काचेवर थंड देशांत बर्फाची पाने उमटतात, त्यातलाच हा प्रकार. त्यात जीव कधी नव्हता.

दुसऱ्या दगडात बोरूएवढ्या जाडीच्या पांढऱ्या नळ्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. "मामा, ही बोटांची हाडं हायेत," धाकटीने निकाल देऊन टाकला. ती हाडे नव्हती. तापलेला लाव्हा ओल्या जमिनीवर पसरतो तेव्हा त्याच्या बुडाशी वाफ आणि वायू अडकतात, ते वर चढू पाहतात आणि लाव्हा थिजला की त्यांच्या वाटा नळ्यांसारख्या राहून जातात. मग पुन्हा तोच मोरावळा: पाणी झिरपते, पोकळीत पांढरी खनिजे भरतात. या नळ्या वरच्या टोकाला बहुधा एका बाजूला वाकलेल्या असतात, आणि त्या वाकल्या असतील त्या दिशेने लाव्हा वाहिला असे भूशास्त्रज्ञ ओळखतात. हे ऐकून भाच्याची कळी जराशी खुलली. त्याने दगड फिरवून फिरवून पाहिला. पण डबरात पडलेल्या दगडाला आता पूर्व-पश्चिम कुठली?

तिसरी वस्तू नदीकाठची होती. चुनखडीच्या पांढुरक्या कांड्या, मधून पोकळ. याला मात्र मी निम्मे गुण दिले. काठाच्या मातीत एखाद्या झुडपाचे मूळ असते, त्याच्याभोवती चुना साखळत जातो, मूळ कुजून जाते आणि चुन्याची नळी उरते. वनस्पती गेली, पण ती इथे उभी होती याची ही साक्ष. किती जुनी ते मात्र नळीकडे पाहून सांगता येत नाही.

"म्हणजे मामा, आपल्या वरकुट्याला काहीच न्हाई?"

पोराच्या त्या प्रश्नाला घाईने होय किंवा नाही म्हणणे मला जमेना. तेवढ्यात दाजी आले. म्हणाले, "पाव्हणं, आजवर चार विहिरी पाडल्या. फत्तराच्या आत फत्तर, त्याच्या आत आणखी फत्तर. ह्यात कसला आलाय प्राणी?"

दाजींनी भूशास्त्र शिकलेले नाही, पण बोलले ते नेमके. वरकुटेच काय, पुणे, सातारा, सोलापूर, नगर हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर वसला आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो पसरलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा काळा पाषाण संपायला सुमारे ३४० मीटर जावे लागले; सह्याद्रीच्या बाजूला तर तो याच्या कित्येक पट जाड आहे. हा रस वाहताना सुमारे अकराशे अंश तापलेला असे. पाणी शंभर अंशांवर उकळते, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या वाटेत आलेल्या बेडकाचे काय झाले असेल याची कल्पना करता येईल. लाव्ह्याच्या दगडात जीवाश्म शोधणे म्हणजे भट्टीच्या राखेत पत्र शोधणे.

निसर्गाला मात्र नियमाला अपवाद ठेवण्याची खोड आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९३५ साली काही भटक्या मंडळींना लाव्ह्याच्या कातळात एक विचित्र पोकळी सापडली. आत रांगत जाऊन पाहिले तर काही हाडांचे तुकडे आणि दात. पुढे पोकळीचा साचा घेतला, तेव्हा निघाला चार पाय वर केलेला, फुगलेला गेंडा! दीड कोटी वर्षांपूर्वी तो मरून उथळ पाण्यात पडला होता. लाव्हा पाण्यात शिरताच झटकन थिजला आणि गेंड्याभोवती कवच झाले. असा योग पुन्हा पुन्हा येत नाही.

मी भाच्याला विहिरीच्या काठावर घेऊन गेलो. बऱ्याच खाली, दोन काळ्या थरांच्या मधोमध, वीतभर जाडीचा तांबडा पट्टा दिसत होता. "तो बघ," मी म्हटले, "ती माती आहे." लाव्हा रोज वाहत नव्हता. एक लोट आला की मधे कित्येक वर्षे, कधी हजारो वर्षे, सामसूम. तेवढ्यात दगडाचा वरचा भाग झिजून माती होई. मग पुढचा लोट येऊन ती माती भाजून काढी, कुंभाराने वीट भाजावी तशी. तांबडा रंग त्या काळाचा. म्हणजे दाजींच्या चार विहिरींत फत्तराच्या आत नुसता फत्तर नव्हता. मधे मधे सुटीचे दिवस होते.

आणि सगळी गंमत त्या सुट्यांत आहे. आमच्या पुणे-साताऱ्याकडे लोटांमागून लोट आले, त्यामुळे मधल्या काळाची बहुधा अशी भाजलेली मातीच उरली. पण लाव्ह्याच्या मुलखाच्या कडेला, नागपूर-छिंदवाड्याकडे, लोट थोडे आणि उसंत जास्त. तिथे थिजलेल्या लाव्ह्यावर पाऊस साचून तळी झाली, तळ्यांत गोगलगायी आल्या, काठावर ताड वाढले, आणि मग पुढच्या लोटाने त्या तळ्यावर काळे झाकण घातले. खालचा गाळ, त्यातल्या शिंपल्यांसकट, आजपर्यंत झाकणाखाली राहिला.

हे झाकण पहिल्यांदा नीट उघडून पाहिले ते नागपूरच्या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. नागपूरजवळच्या टाकळीच्या आसपास फिरताना त्यांना दोन थरांमधल्या दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया, फळे, किडे सापडले. १८५५ साली त्यांनी त्यावर लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजातून पिढ्यान् पिढ्या पदवीधर झाल्या, ते याच हिस्लॉपच्या नावाचे. १८६३ साली जुनी थडगी खणून परत येताना ओढ्याला पाणी आले आणि हा मनुष्य त्यात वाहून गेला. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान इथे गारेसारख्या दगडात फळेच्या फळे सापडली. त्यात निपा नावाच्या ताडाचे फळ आहे. निपा आज भरतीच्या खाऱ्या चिखलात, सुंदरबनासारख्या ठिकाणी वाढतो. आता छिंदवाड्याहून समुद्र किती दूर, ते नकाशात पाहा! या थरांतल्या वनस्पतींचा ध्यास घेतलेले बिरबल साहनी यांनी लखनौला पुरावनस्पतींची संस्था उभी केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. त्या कोनशिलेत जीवाश्मच जडवले होते. आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले.

मुंबईकर वाचकांनी आपल्याकडे काही नाही म्हणून हिरमुसू नये. वरळीला सांडपाण्याच्या बांधकामासाठी खणताना गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात काळ्या पातळ थरांचा दगड लागला आणि त्यात निघाले इवल्या इवल्या बेडकांचे सांगाडे. ते विलायतेला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेले. हे तेच ओवेन, ज्यांनी १८४२ मध्ये डायनोसॉर हा शब्द जगाला दिला. त्यांनी १८४७ साली या मुंबईकर बेडकाला 'राना पुसिला' म्हटले. पुसिला म्हणजे चिमुकला. १९३० मध्ये तो निराळ्याच कुळातला ठरून त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे नवे नाव मिळाले. त्याच बेटावर कासवही सापडले. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या एका तळ्यात ही मंडळी डरांव डरांव करीत होती. आज त्या थरावर रस्ते आणि इमारती आहेत, आणि पुन्हा खणून पाहायची सोय जवळजवळ उरलेली नाही.

आता ती विष्ठेची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत, लाव्ह्याच्या तळाच्या थरातून, डायनोसॉरची हाडे निघतात आणि शेणाच्या दगड झालेल्या गोळ्याही. इथली हाडे हिस्लॉपनेही गोळा केली होती. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून या गोळ्या विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि २००५ साली निष्कर्ष छापला: त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण आहेत. तोवर, गवत हे डायनोसॉर गेल्यानंतरचे, असे मानण्याकडे कल होता. पिसदुऱ्याच्या शेणाने ते मत बदलले.

हे मी दाजींना सांगितले तेव्हा ते प्रथम शेणावर हसले. मग मी म्हटले, "दाजी, तुमचा ऊस म्हणजे गवत. ज्वारी गवत, बाजरी गवत, गहू गवत. उसाचे पाचट काढताना हात कापतो ना, तो त्या पानातल्या सिलिकेच्या धारेने." दाजींनी आपला तळहात उलटून पाहिला. म्हणाले, "म्हंजी हे त्या वक्तापासनं कापतंय?"

इथे देव्हाऱ्यातल्या त्या दगडाची पुन्हा आठवण करून द्यायला हवी. अमोनाइटांचा वंश जगभरच्या समुद्रांतून संपला तो डायनोसॉर संपले त्याच सुमारास, आणि आपला हा काळा पाषाण वाहत होता तोही त्याच सुमारास. एक प्रचंड अशनी मेक्सिकोजवळ येऊन आदळला हे त्या संहाराचे मुख्य कारण मानतात; आमच्या दख्खनच्या ज्वालामुखींनी हवेत सोडलेल्या वायूंचा त्यात किती वाटा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत. शाळिग्राम त्याहून पुष्कळ जुना, फत्तर त्या मानाने पोरसवदा. पण एकाच्या कुळाचा शेवट आणि दुसऱ्याचा जन्म शेजारी शेजारी आहेत. विहिरीचे डबर ज्या बांधाला पडते त्याच घरात देव्हारा असतो.

असो. भाच्याचा प्रश्न वरकुट्याचा होता, आणि त्याचे उत्तर फत्तरात नसून नदीत आहे.

इंदापूर तालुक्याला दोन बाजूंनी नद्यांनी कवेत घेतले आहे. एकीकडे भीमा, दुसरीकडे नीरा, आणि दोघी नीरा नरसिंहपूरला भेटतात. या नद्यांनी फत्तर कोरून आपापली पात्रे केली आणि मग गेल्या लाखो वर्षांत काठाला गोटे, वाळू, गाळ यांचे थर रचले. लाव्ह्याच्या तुलनेत हे कालपरवाचे. पण हत्ती आणि रानबैल यांच्या दृष्टीने पुरेसे जुने. १९०५ साली पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळातून निघालेल्या एका नामशेष हत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या हत्तीहून हा धिप्पाड. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शेतकऱ्यांची घरे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे खणून काढली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्या घरांच्याही कितीतरी आधीच्या, नदीच्या जुन्या थरांतून तिथे रानटी बैल, हत्ती अशांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. आणि घोड कुठे जाते? भीमेत. भीमा कुठे जाते? इंदापूरवरून. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे तर सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी केलेले सापडले. महाराष्ट्राच्या माळावर शहामृग धावत होते!

तेव्हा भाच्याला मी सांगितले की फत्तर सोड, काठ बघ. नदीचा उभा काठ जिथे ढासळलेला असतो तिथे चुन्याने बांधलेला गोट्यांचा टणक थर दिसतो. हाड असेल तर त्यात.

दाजी यावर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काठ ऱ्हायलाय कुठं, पाव्हणं?"

आणि खरेच आहे ते. भीमेच्या वाळूचे काय झाले हे त्या बाजूच्या माणसाला सांगावे लागत नाही. रात्रीतून बोटी लागतात, यंत्रे पात्रात उतरतात, ट्रक भरतात. आपण शहरात घर बांधतो, स्लॅब पडला की पेढे वाटतो. त्या स्लॅबमध्ये कुठली वाळू आली हे आपण विचारत नाही. वाळूबरोबर गोट्यांचा थर उचलला जातो, चाळणीवर मोठे तुकडे बाजूला पडतात, आणि त्यात हत्तीचा दात असला तरी चाळणीवरच्या माणसाच्या लेखी तो खडा. हजारो वर्षे जे पुराने नेले नाही, कुत्र्याने फोडले नाही, ते एका रात्रीत भरावात जाते. पाणी, विहिरी, शेते यांचे वाळू उपशाने होणारे नुकसान वर्तमानपत्रांत येते, यायलाच हवे. या नुकसानीची नोंद मात्र कुठेच होत नाही, कारण काय गेले हे पाहणारेच तिथे कुणी नसते.

म्हणून ज्यांचे गाव नदीकाठी आहे अशा सर्व भाच्यांसाठी आणि भाच्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. भाचे आणि भाच्या दोन्ही त्यात आले. अश्मीभूत हाड साध्या हाडाहून चांगलेच जड लागते. तुटलेल्या कडेला स्पंजासारखी बारीक जाळी दिसते. चुनखडीच्या गोट्यात ती नसते. जुने लोक जिभेची परीक्षा सांगतात: हाड सच्छिद्र असल्याने ओल्या जिभेला किंचित चिकटते, दगड चिकटत नाही. ही परीक्षा खरी आहे, पण आईसमोर करू नये. दात सापडला तर भाग्य समजा. दातावरून प्राण्याची जात सर्वांत लवकर ओळखू येते.

सापडलेली वस्तू थरात रुतलेली असेल तर उपटू नका. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. काठाच्या वरून किती फूट खाली, कुठल्या मळ्यापाशी, कुठल्या तारखेला, हे लिहून ठेवा. हाड कुठल्या थरातले हे कळले तरच त्याचे वय काढता येते, आणि त्याच थरात आदिमानवाची दगडी हत्यारे असतील तर त्या दोघांची गाठ घालता येते. उपटून आणून शोकेसमध्ये ठेवलेले हाड पाहुण्यांना दाखवायला चांगले. त्यातून फारसे काही कळत नाही. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्राचे प्राध्यापक असतात. फोटो त्यांना दाखवा.

वरकुट्याच्या बाजूला आता उजनी धरणाचे पाणी पसरलेले असते. १९८० पासून भीमेचा जुना काठ बराचसा त्याखाली आहे. पण ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि देवळाबरोबर काठही. ते दिवस एप्रिल-मेचे. शाळेच्या परीक्षा तोवर संपलेल्या असतात.